हेअर रिमूव्हर डोक्याला लावताना: एका माहितीपत्रकाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सांगली

सोमवार, म्हणजे सलून बंद. त्यामुळे आमच्या भागातल्या सलूनवाल्या काकांशी आज निवांत बोलता आलं. हा विषय त्यांनीच डिसेंबरात काढला होता. "मॅडम, पोरं घरी डोक्याला क्रीम लावतात, अर्धे केस निघतात, अर्धे राहतात, कातडी लाल झालेली असते आणि मग माझ्याकडे येऊन म्हणतात, काका मशीन फिरवा. अशा डोक्यावर मी मशीन कसं फिरवू?"

फार्मसीच्या शेवटच्या वर्षाच्या माझ्या दोन विद्यार्थिनींना प्रकल्प हवाच होता. आज तिघींनी मिळून आखणी केली. केस काढायची क्रीम डोक्यावर नेमकं काय करते ते प्रयोगशाळेत बघायचं, ज्यांनी ती लावून पाहिली त्यांच्याशी बोलायचं, त्वचारोगतज्ज्ञांकडून खात्री करून घ्यायची आणि सलूनच्या आरशाशेजारी लावता येईल असं एक पानी मराठी पत्रक तयार करायचं.

लोक क्रीम का लावतात, हे काकांनाच विचारलं. कारणं ऐकून घेण्यासारखी आहेत. काहींना वस्तऱ्याची भीती वाटते. काहींना वस्तरा लागला की दोन दिवसांत मानेवर आणि डोक्याच्या मागे केसतोड होते, तेही दरवेळी. काहींच्या पुढच्या भागाला टक्कल पडलेलं असतं, कडेचे केस उरलेले असतात. रोज दाढीबरोबर डोकं करण्यापेक्षा क्रीम सोपी वाटते. कॉलेजच्या पोरांना मात्र तुळतुळीत गोटा हवा असतो, आणि झिरो मशीनने खुंट राहतात.

ही कारणं खरी आहेत. "असं करू नका" एवढंच ओरडून सांगणारं पत्रक मला काढायचं नाही. का नको आणि त्याऐवजी काय, हे दोन्ही त्यात आलंच पाहिजे.

९ जानेवारी

बाजारातल्या क्रीमची खोकी जमवली आणि दिवसभर बारीक छपाई वाचली. घटक जवळपास सारखेच: थायोग्लायकोलिक आम्लाचा पोटॅशियम किंवा कॅल्शियम क्षार, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, युरिया, मेणासारखे स्निग्ध पदार्थ, सुगंध. वेळ साधारण तीन ते सहा मिनिटं आणि दहाच्या पुढे कधीच नाही. दोन वापरांमध्ये ७२ तासांचं अंतर. डोकं, चेहरा, स्तन, गुप्तांग आणि गुदद्वाराजवळचा भाग वर्ज्य; चेहऱ्यासाठी वेगळी सौम्य क्रीम मिळते.

म्हणजे डोक्याला लावू नका ही सूचना आधीपासूनच छापलेली आहे. पण बहुतेक खोक्यांवर ती इंग्रजीत आहे, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि अनेकदा खोक्याच्या आतल्या घडीपत्रकावर. घडीपत्रक न्हाणीघरात भिजतं, खोकं कचऱ्यात जातं, हातात उरते ती ट्यूब. शिवाय कारण कुठेच दिलेलं नाही. कारण कळलं नाही की माणूस म्हणतो, पायाला चालते तर डोक्याला काय होतंय. आमचं पत्रक या एका प्रश्नाचं उत्तर असेल.

१५ जानेवारी

आजचा दिवस रसायनाचा. पत्रकात यातलं फारसं काही जाणार नाही, पण दोघींना हे नीट समजल्याशिवाय त्या सलूनमध्ये कुणाला उत्तर देऊ शकणार नाहीत.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा. त्याचे लांब धागे एकमेकांना गंधकाच्या दोन-दोन अणूंच्या सांध्यांनी, म्हणजे डायसल्फाइड बंधांनी, बांधलेले असतात. केसाची ताकद या सांध्यांत आहे. क्रीममधलं थायोग्लायकोलेट, म्हणजे थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार, नेमका हा सांधा तोडतं. पार्लरमध्ये केस कुरळे करायचं जे द्रावण असतं त्यातही हेच रसायन असतं; तिथे पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप; ७ च्या वर अल्क) ९ च्या आसपास ठेवतात, काही सांधे सोडवतात, केसाला हवा तो आकार देतात आणि मग सांधे पुन्हा जुळवतात. केस काढायच्या क्रीममध्ये पीएच १२ च्या आसपास नेलेला असतो. तिथे थायोग्लायकोलेट पूर्ण जोरात काम करतं, केस फुगतो, युरिया तो आणखी सैल करतो आणि सांधे पुन्हा जुळायची शक्यताच उरत नाही. युरोपीय संघाच्या नियमांत अशा क्रीममध्ये थायोग्लायकोलिक आम्ल जास्तीत जास्त ५ टक्के आणि पीएच १२.७ पर्यंत चालतो.

आम्ही एका ट्यूबमधली क्रीम पाण्यात कालवून मीटर लावला. आकडा १२ च्या वर गेला. शेजारच्या चंचुपात्रात चुन्याची निवळी ठेवली होती, तिचा आकडाही तिथेच. त्यात नवल नाही. क्रीममधलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे विरी गेलेला चुनाच. तंबाखूबरोबरच्या चुन्याने गालाच्या आतली कातडी सोलवटलेले लोक आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यामुळे ही ओळख पत्रकात कामी येईल. आपल्या कातडीचा स्वतःचा पीएच ५ च्या आसपास असतो. ५ ते १२ हे अंतर कागदावर सात घरांचं दिसतं, पण प्रत्येक घर दहापटीचं आहे. म्हणजे अल्कतेत एक कोटी पटींचा फरक.

दोघींपैकी एकीने चांगला प्रश्न विचारला. कातडीचा वरचा थरही केराटिनचाच ना? मग क्रीम कातडी का विरघळवत नाही?

विरघळवते. केसात गंधकाचे सांधे कातडीपेक्षा खूप जास्त असतात म्हणून केसावर आधी आणि जोरात परिणाम होतो, एवढंच. क्रीमला केस कोणता आणि कातडी कोणती ते कळत नाही. जो फरक आहे तो वेळेचा. या वाक्याखाली मी वहीत दोनदा रेघ मारली. पुढचं सगळं काम यावर उभं आहे.

२१ जानेवारी

केसाला किती वेळ लागतो ते आज मोजून बघितलं. मांडणी साधी: स्टँडला आडवी काच, तिला चिकटपट्टीने एकेक केस चिकटवून खाली सोडलेला, खालच्या टोकाला कागदाची बारीक पिन अडकवलेली. मध्यावर ब्रशने क्रीमचा थेंब लावायचा, घड्याळ सुरू करायचं, पिन पडली की थांबवायचं. डोक्याचा एक निरोगी केस पन्नास-साठ ग्रॅम वजन सहज पेलतो. पिनेचं वजन त्याच्यापुढे काहीच नाही. म्हणजे पिन पडते तेव्हा त्या जागी केसात ताकद उरलेलीच नसते.

हातावरचे केस दोघींनी स्वतःचेच कात्रीने कापून दिले. डोक्याचे आणि दाढीचे केस काकांच्या सलूनमधून आणले.

हातावरच्या बारीक केसांच्या पिना तीन मिनिटांच्या आतबाहेर पडल्या. डोक्याच्या केसांना त्याच्या दुप्पट किंवा जास्त वेळ लागला, आणि माणसागणिक फरक मोठा. दाढीचा केस सगळ्यांत चिवट निघाला. एक पिन तर आम्ही चहा पिऊन आलो तरी लटकतच होती. डोक्याच्या केसाची जाडी साधारण ६० ते ९० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हातावरची लव त्याहून बरीच बारीक, त्यामुळे रसायन गाभ्यापर्यंत पोचायला लागणारा वेळही वेगळा.

सूक्ष्मदर्शकाखाली क्रीम लावलेला डोक्याचा केस पाहिला. बाहेरचे खवले आधी उचकटतात, मग केस जाडीला फुगतो, आखडतो, मुरडतो आणि भिजलेल्या शेवईसारखा मऊ होऊन काचेवर पसरतो. दोघी बराच वेळ आळीपाळीने बघत बसल्या. सल्फरचा तो वास प्रयोगशाळेत संध्याकाळपर्यंत होता.

३० जानेवारी

एकेकट्या केसावरून डोक्याचा अंदाज करता येत नाही, म्हणून आज झुपका घेतला. बोटाच्या पेराएवढ्या जागेत दाट केस मेणात उभे रोवले, एका नमुन्यात लांब, दुसऱ्यात झिरो मशीनने मारल्यावर राहतात तेवढे. दोन्हींवर क्रीमचा सारखा जाड थर.

लांब केसांच्या नमुन्याने जे दाखवलं त्यासाठी हा सगळा खटाटोप सार्थकी लागला. वरचे केस विरघळून त्यांचा चिकट लगदा झाला आणि तो लगदाच मुळाशी जाणाऱ्या क्रीमच्या वाटेत आडवा आला. दहा मिनिटांनंतर पुसलं तर मधल्या भागात केस मुळाशी शाबूत. आखूड केसांच्या नमुन्यात क्रीम खालपर्यंत पोचली होती, पण तिथेही काही खुंट उरलेच.

आता हे खऱ्या डोक्यावर कसं घडत असेल ते बघा. माणूस पाच मिनिटांनी पुसतो, केस अर्धवट निघालेले दिसतात, म्हणून तो पुन्हा क्रीम लावतो. जिथले केस आधीच गेले तिथली कातडी आता उघडी आहे आणि तिच्यावर दुसरा थर बसतो. वेळ मोजणारा माणूस दुसऱ्या थराला पुन्हा शून्यापासून मोजतो, कातडी मात्र पहिल्यापासूनच मोजत असते. काकांनी सांगितलेली अर्धी सोललेली, अर्धी केसाळ डोकी अशीच तयार होतात.

धुण्याचा प्रश्न वेगळाच. नडगीवरची क्रीम एका हातफेरीत निघते. डोक्यावर ती लगद्यात अडकते, कानामागच्या घडीत आणि मानेच्या खाचेत बसते, आणि पाणी ओतलं की कपाळावरून थेट डोळ्यांत. क्रीममध्ये न विरघळलेल्या चुन्याचा साठाही असतो. थोड्या पाण्याने तो जात नाही, हळूहळू विरघळत पीएच वरच ठेवतो.

४ फेब्रुवारी

दोघींपैकी एकीने सुचवलं की ती स्वतःच्या मानेवर, केसांच्या खालच्या रेषेत, लावून बघते. मी नाही म्हटलं. ज्या गोष्टीला वेष्टनावर बंदी आहे ती विद्यार्थिनीच्या अंगावर तपासण्याचा प्रश्नच येत नाही, आणि त्यातून आपल्याला जे कळायचं ते ज्यांनी आधीच लावलं आहे त्यांच्याकडून कळेल. ही मुलगी धीट आहे. तिचा धीटपणा मुलाखतींत वापरायचा.

७ फेब्रुवारी

मुलाखती सुरू. काकांनी ओळखीच्या गिऱ्हाइकांना विचारून आमच्याकडे पाठवलं. नावं लिहायची नाहीत असं पहिल्यापासून ठरलेलं.

एक वसतिगृहातला मुलगा. गोटा करायचा म्हणून मित्रांनी दोन मोठ्या ट्यूबा आणल्या. केस न कापता लावली. पाच मिनिटांनी चुरचुर सुरू झाली, त्याला वाटलं काम होतंय. दहा मिनिटांनी आग व्हायला लागली. मित्र म्हणाले अजून केस सुटले नाहीत, थांब. पंधराव्या मिनिटाला तो नळाखाली गेला. टाळूच्या मध्यावर आणि दोन्ही कानांच्या वर कातडी सोलवटली, दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं, मग खपल्या धरल्या. त्याने खपल्या काढल्या, एका ठिकाणी पू झाला. आता केस आले आहेत. कानावरच्या जागी मात्र नाण्याएवढा गुळगुळीत डाग आहे. तो बोट लावून दाखवत होता आणि विचारत होता, "इथं येतील ना मॅडम?" मी त्याला दुसऱ्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. उत्तर देणं माझं काम नव्हतं.

दुसरे गृहस्थ पन्नाशीचे. वरती टक्कल, कडेला केसांची झालर. दर दोन-तीन आठवड्यांनी आधी मशीन मारतात, मग फक्त झालरीवर क्रीम, चार मिनिटं, ओल्या फडक्याने पुसून भरपूर पाणी. काही त्रास नाही, कधीच झाला नाही म्हणतात. त्यांचंही बोलणं आम्ही तितकंच नीट लिहून घेतलं. ज्याचे केस विरळ आणि बारीक आहेत, जो आधी आखूड करतो आणि घड्याळ बघतो त्याच्यावर क्रीम काम करते हे खरंच आहे. आपल्याला सोयीचं नाही म्हणून ते पत्रकातून गाळलं तर असा प्रत्येक माणूस पत्रक वाचून हसेल आणि बाकीचं खरंही त्याला खोटं वाटेल. त्यांना एकच सांगितलं: त्याच आठवड्यात डोक्याला काही औषध लावत असाल तर थांबा. केस वाढवायचं मिनॉक्सिडिल अनेक जण लावतात. ते अल्कोहोलच्या द्रावणात असतं आणि वरचा थर गेलेल्या कातडीतून जास्त शोषलं जातं.

तिसरा मुलगा वेगळ्याच कारणाने आला. केस विरळ होत चाललेत, मुळापासून काढले की दाट येतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. क्रीम मुळापर्यंत जातच नाही. केसाचा कंद कातडीत काही मिलिमीटर खोल असतो आणि क्रीम पृष्ठभागाच्या जरा खालपर्यंतच केस विरघळवते. केसाची जाडी कंदात ठरते. वस्तऱ्याने दाढी दाट होते का हे अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ सालीच मोजून पाहिलं होतं. वाढीचा वेग किंवा जाडी, काहीच बदललं नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो हाताला राठ लागतो.

१२ फेब्रुवारी

मिरजेच्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी वेळ दिला. बाह्यरुग्ण विभाग संपल्यावर तासभर बोलल्या.

पहिली गोष्ट शोषणाची. शरीराच्या वेगवेगळ्या भागांची कातडी सारखी शोषत नाही. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाक यांनी हायड्रोकॉर्टिसोन वापरून हे मोजलं: हाताच्या आतल्या बाजूला १ धरलं तर डोक्याच्या कातडीतून साडेतीन पट, कपाळातून सहा पट. औषध बदललं की आकडे बदलतील, पण कारण तेच. डोक्यावर लाखाच्या घरात केसांची छिद्रं आहेत आणि प्रत्येक छिद्र आत जायची वाट आहे. घाम आणि तेलाच्या ग्रंथीही तिथे दाट.

दुसरी गोष्ट अल्काने भाजण्याची. आम्लाने भाजलं की वरचं प्रथिन गोठतं आणि त्याचाच काहीसा अडसर होतो. अल्क चरबीचा साबण करतं, ऊतक मऊ करत आत शिरत राहतं आणि सुरुवातीला दुखतंही कमी. म्हणून "आग होत नाही म्हणजे बरंय" हा हिशोब चुकीचा. खोल भाजलं तर कंदच जळतो आणि तिथे व्रण राहतो. व्रणावर केस येत नाहीत. वसतिगृहातल्या मुलाला त्यांनी तपासलं आहे. काय म्हणाल्या ते त्याचं त्याला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

तिसरी गोष्ट, प्रथमोपचार. हे मी शब्दाला शब्द लिहून घेतलं. चुरचुर वाढली की वेळ पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. आधी कोरड्या मऊ फडक्याने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने क्रीम अलगद निपटून काढायची, घासायची नाही. मग डोकं मागे करून, पाणी मागच्या मागे पडेल असं, वाहत्या गार पाण्याखाली किमान वीस मिनिटं. लिंबू किंवा व्हिनेगर लावून "उतारा" करायचा नाही. आम्ल-अल्काच्या त्या झटापटीत उष्णता होते आणि इजा वाढते. हळद, तूप, टूथपेस्ट, तुरटी यातलं काहीही नाही. फोड आले, पाणी सुटलं किंवा कातडी पांढरट पडली तर त्याच दिवशी डॉक्टर. डोळ्यात गेली तर पापण्या उघड्या धरून सतत पाणी मारत राहायचं आणि धुणं थांबल्याबरोबर सरळ डोळ्यांच्या दवाखान्यात.

निघताना एकीने विचारलं, पूर्वी ऑपरेशनच्या आधी क्रीमनेच केस काढायचे ना? डॉक्टरांनी खुशीने उत्तर दिलं. १९७१ च्या सेरोपियन आणि रेनॉल्ड्स यांच्या पाहणीत वस्तऱ्याने केस काढलेल्या रुग्णांत जखमेचा संसर्ग ५.६ टक्के, तर क्रीम वापरलेल्या किंवा केस न काढलेल्या रुग्णांत ०.६ टक्के होता. वस्तऱ्याच्या सूक्ष्म ओरखड्यांत जंतू शिरतात. म्हणून काही काळ क्रीमची बाजू वरचढ होती. पण त्याच आकड्यांत दुसरं उत्तरही दडलेलं होतं: केस न काढलेले रुग्णही त्याच कमी संसर्गाच्या गटात होते. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की केस काढूच नका, काढायचेच तर क्लिपर वापरा, वस्तरा नको.

क्लिपर म्हणजे सलूनमधलं मशीनच. जे मशीन काकांच्या हातात रोज असतं तेच रुग्णालयांनी निवडलं आहे. पत्रकात हे घालायचं.

१३ फेब्रुवारी

कालच्या बोलण्यात एक विषय राहिला होता तो फोनवर विचारला: केमोथेरपीचे रुग्ण. केस गळायला लागण्याआधीच अनेक जण डोकं करून घेतात. त्यांनी क्रीम अजिबात वापरू नये. कातडी आधीच नाजूक असते, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि छोटी जखमही महागात पडते. मशीनने आखूड करावेत, वस्तराही नको. पत्रकात वेगळ्या चौकटीत.

२३ फेब्रुवारी, कोल्हापूर

रविवार. हा भाग प्रकल्पाच्या आखणीत नव्हता, पण चुना आणि केस म्हटल्यावर मला कोल्हापूरला जावंसं वाटत होतं. चपलांसाठी जनावराची कातडी कमावतात तिथे पहिलं काम केस सोडवायचं, आणि ते चुन्याच्या पाण्यात. मोठ्या कारखान्यांत त्यात सोडियम सल्फाइडही घालतात. मग हिरडा, बाभळीची साल. ओळखीतून एका वयस्कर कारागिराकडे गेलो. आयुष्यभर हेच काम केलेला माणूस.

त्यांना आम्ही क्रीमचं काही न सांगता फक्त चुन्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "चुन्यात टाकलं की विसरायचं नाही. केस अंगठ्यानं ढकलला की निघाला पाहिजे, मग लगेच काढायचं. आणखी राहिलं तर कातडं फुगतं, सैल पडतं, पुढं त्याची चप्पल टिकत नाही." अंगठ्याने ढकलायची ती खूण त्यांनी हवेतच करून दाखवली, अंगठ्याच्या नखाभोवतीची कातडी चुन्याने कायमची चिरलेली होती.

मेलेल्या कातड्यालासुद्धा वेळेचा एवढा हिशोब लागतो. परतीच्या गाडीत आमची चर्चा फक्त यावर झाली.

जुन्या काळातही कल्पना हीच. सुश्रुतसंहितेत जखमेच्या उपचारांत लोमापहरण येतं, म्हणजे जखमेभोवतीचे केस काढणं, आणि त्यासाठी शंखाची पूड दोन भाग, हरताळ एक भाग असा लेप सांगितला आहे. तुर्कस्तान-इराणकडे हरताळ आणि कळीचा चुना यांचा लेप चालायचा. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड. "नैसर्गिक लेप वापरू का" असं कुणी विचारलं तर दोघींनी हे सांगायचं. आजची क्रीम त्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. जिथे लावायची तिथे लावली तर.

३ मार्च

सोमवार, सलून बंद, म्हणून काकांनी आसपासच्या सलूनवाल्यांना बोलावून घेतलं. पत्रकाचा कच्चा मसुदा वाचून दाखवला. त्यांनी निम्मा कापला आणि बरं केलं.

"डायसल्फाइड" गेला. त्या जागी आलं: "क्रीम केस आणि कातडी दोन्ही विरघळवते. पायाचा केस कातडीच्या आधी विरघळतो. डोक्याचा केस जाड आणि दाट. तो विरघळेपर्यंत कातडी भाजते." एका तरुण सलूनवाल्याने हे मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, हे मी गिऱ्हाइकाला सांगू शकतो.

पर्यायांच्या भागात खरी मदत त्यांचीच झाली. तुळतुळीत गोटा हवा असेल तर आधी झिरो मशीन, मग कोमट पाण्याचा टॉवेल पाच मिनिटं, फोम, नवं पातं, केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने एक हात. उलटा हात फिरवायचा नाही, कातडी ताणायची नाही. केसतोडीचा त्रास असणाऱ्याने वस्तरा सोडून जाळीचा इलेक्ट्रिक शेव्हर वापरावा आणि मिलिमीटरभर खुंट राहू द्यावेत. केस कातडीच्या खाली कापला गेला की तो उगवताना आतच वळतो, त्याचीच केसतोड होते. खुंट राहिला तर त्याला आत वळायला जागा नाही. एकमेकांचं ऐकत, दुरुस्त करत ते हे सांगत होते. दर गिऱ्हाइकाला नवं पातं यावर मात्र थोडी वादावादी झाली. मी आग्रह धरला आणि ओळ राहिली.

भाजलेल्या डोक्याचं गिऱ्हाईक आलं तर? सगळ्यांचं एकमत: मशीनला हात लावायचा नाही, कातडी पूर्ण भरेपर्यंत परत पाठवायचं. ही ओळ काकांनी स्वतः लिहून दिली.

१७ मार्च

छपाईला द्यायच्या आदल्या दिवशी एका औषध दुकानदाराचा फोन. आमच्याच कॉलेजचा जुना विद्यार्थी. एक बाप काउंटरवर उभा आहे, बाळाचं जावळ काढायचं आहे, बाळ वस्तऱ्याला रडतं, म्हणून सौम्य क्रीम कोणती ते विचारतोय.

मी त्या बापाशी फोनवर बोलले. तो काळजीपोटीच विचारत होता. वस्तरा लागेल, रक्त येईल ही त्याची भीती. त्याला सांगितलं की बाळाची कातडी आपल्यापेक्षा पातळ, वजनाच्या मानाने अंगाची कातडी जास्त, त्यामुळे शोषलं जाणारं रसायनही त्या मानाने जास्त. बाळ डोळ्याला हात लावणार, तोंडात घालणार, आणि आग होतेय हे ते सांगू शकत नाही. जावळासाठी क्रीम, कुठलीही, कधीच नाही. बाळ झोपेत असताना आवाज न करणाऱ्या लहान ट्रिमरने, मामाच्या मांडीवर, विधीपुरती पहिली बट कात्रीने. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "बरं झालं विचारलं मॅडम."

फोन ठेवल्यावर हात थरथरत होते. ही शक्यता आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती, सलूनवाल्यांच्याही नाही, कारण असं बाळ सलूनपर्यंत येतच नाही. पत्रकाची पहिली ओळ आता ही आहे, सर्वांत मोठ्या अक्षरांत: "बाळाचं जावळ काढायला केस काढायची क्रीम लावू नका."

याचा अर्थ पत्रक फक्त आरशाशेजारी लावून भागणार नाही. ते औषध दुकानाच्या काउंटरवरही हवं, कारण ट्यूब तिथे हातात पडते.

२४ मार्च

छापून आलं. एका बाजूला सलूनसाठी, दुसऱ्या बाजूला दुकानासाठी, प्रथमोपचार दोन्हीकडे. अक्षर मोठं, काळ्यावर पिवळं, म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल असं. वसतिगृहांसाठी वेगळी प्रत काढली, ती न्हाणीघराच्या दाराला आतून लावायची. पाण्याने खराब होऊ नये म्हणून लॅमिनेशन केलं आहे.

आज सोमवार असल्यामुळे सलूनवाल्यांना एकत्रच वाटली. दुकानांचं काम दोघींनी वाटून घेतलंय: एक सांगली बाजू, दुसरी मिरज बाजू. पाडव्यानंतर मुंजींचा मोसम सुरू होईल, त्याआधी भटजींनाही प्रती द्यायच्या, ही सूचना काकांची. वसतिगृहातला मुलगा स्वतःहून येऊन म्हणाला की त्याच्या मजल्यावरच्या प्रती तोच लावेल. त्याला दहा दिल्या.